धान्यावरील कर आणि जालन्याची पेठ

गेल्या वर्षीं एका घरगुती कार्यासाठीं आमचें जालन्यास जाणें झालें. जुन्या मोंढ्यालगतच्या एका किराणा दुकानांत आम्ही उभे असतां मजुरीवरून परतणारी एक बाई आली आणि तिनें एक किलो तुरीची डाळ मागितली. दुकानदारानें विचारलें, "मावशी, पुडा देऊं का सुटी?"

"काय फरक हाय?"

"पुड्यावर सरकारचा कर हाय. सुटीवर नाय."

बाईनें पुड्याकडे पाहिलें, मग पोत्याकडे पाहिलें, मूठभर डाळ तळहातावर घेऊन तिजवर फुंकर घातली आणि म्हणाली, "मंग सुटीच द्या. खडे म्या निवडीन." पदराच्या गांठीचे पैसे मोजून देऊन ती निघून गेली. दिवसभर राबून आलेल्या त्या बाईनें कर वांचविला खरा. परंतु त्याचें मोल तिला संध्याकाळीं दिव्याखालीं डोळे ताणून द्यावें लागणार होतें.

ज्या कराविषयीं हें बोलणें झालें तो फार जुना नाहीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर देशभर लागू झाला, तेव्हां नोंदलेल्या छापाच्या बंद पुड्यांतून विकल्या जाणाऱ्या धान्यावर, डाळींवर व पिठांवर ५ टक्के कर बसला. बाकीचें धान्य मोकळें राहिलें. लागलीच कित्येक कारखानदारांनीं आपल्या छापावरील हक्क कागदोपत्रीं सोडून दिले व माल पूर्वीप्रमाणेंच विकूं लागले. हें छिद्र बुजविण्याकरितां चंदीगड येथें जून २०२२ मध्यें भरलेल्या परिषदेंत नवा नियम ठरला आणि १८ जुलै २०२२ पासून, छाप असो वा नसो, २५ किलोपर्यंतच्या बंद व लेबल लावलेल्या प्रत्येक पुड्यावर तोच ५ टक्के कर आला. त्यापूर्वीं दोन दिवस, १६ जुलैस, देशभरच्या धान्यव्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवून निषेध केला. कांहीं ठिकाणीं २६ किलोच्या गोण्या बाजारांत आल्या, हेंही ओघानेंच झालें. सप्टेंबर २०२५ मध्यें कराचे दर पुष्कळ खालीं आणले गेले. बंद पुड्यांतील पनीर व तयार पोळी करमुक्त झाली. पण बंद पुड्यांतील डाळ, तांदूळ व कणीक यांवरील ५ टक्के जेथल्या तेथें राहिले. तो कर रद्द करावा, अशी मागणी होतच असते. तीवर मत देण्यापूर्वीं धान्यावरील कर आपल्याकडे यापूर्वीं कितीदां रद्द झाला व रद्द झाल्यावर तो कोठें गेला, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें. त्यासाठीं जालन्याहून बरें ठिकाण आम्हांस सुचत नाहीं.

"जालना, सोने का पालना" ही हिंदुस्थानी म्हण वाचकांनीं ऐकिली असेलच. कुंडलिकेच्या कांठची ही पेठ इतकी संपन्न होती कीं, १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांनीं मोंगली मुलखावर जी अखेरची मोठी स्वारी केली तिचें लक्ष्य जालनाच होतें. आगगाडी येण्यापूर्वीं या पेठेंत येणारें धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई, आणि वाटेंतल्या नाक्यानाक्यावर त्यावर राहदारी पडे. नाका कधीं बादशहाचा असे, कधीं जहागीरदाराचा, तर कधीं नुसत्या दांडग्या गढीवाल्याचा. गोणी जितकी लांबून येई तितकी ती महाग होई. आणि ती लांबून येई ती बहुधा दुष्काळांतच. अर्थात् ज्या वर्षीं लोकांजवळ पैसा कमी, त्याच वर्षीं हा कर सर्वांत जड होत असे.

ही गोष्ट औरंगजेबाच्या ध्यानांत आली होती. राज्याच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास, लढाया व अवर्षण यांमुळें धान्य कडाडलें असतां त्यानें राहदारीसह सुमारें ८० बाबी माफ केल्याचें खाफीखानानें आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. हा इतिहासकार दक्षिणेंत बरींच वर्षें चाकरीस होता, म्हणून त्याचें पुढचें म्हणणें लक्षांत घेण्याजोगें आहे. तो सांगतो कीं, हुकूम निघाला, पण वसुली थांबली नाहीं. कारण असें कीं, जहागीरदारांच्या नेमणुकींत या बाबींचें उत्पन्न धरलेलें होतें, आणि दिवाणी कारकुनांनीं माफीनंतरही तें वजा घातलें नाहीं. जहागीरदार म्हणे, हा आंकडा माझ्या कागदांत आहे, मग मीं तो कां सोडावा? त्यानें राहदारी घेणें चालू ठेविलें. इतकेंच नव्हे, तर कोठें कोठें वाढविलेंही. बादशहाची दया खरी होती कीं लोकप्रियतेसाठीं होती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. वहींतली रक्कम तशीच ठेवून वसुली तेवढी बंद करावयास त्यानें सांगितली, ही चूक मात्र उघड आहे. आणि हीच चूक पुढें अनेक शहाण्या सरकारांनीं केली.

कंपनी सरकारची गोष्ट निराळी. त्यांनीं वहींतली रक्कम पाहिली, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी नांवें चढविली. चार्ल्स ट्रेव्हेल्यन यानें १८३४ सालीं बंगालच्या अंतर्गत जकातींवर कडक अहवाल लिहिला, त्यानंतर १८३६ मध्यें बंगालच्या, लवकरच मुंबई इलाख्याच्या आणि १८४४ मध्यें मद्रासच्या राहदारी जकाती उठल्या. व्यापारी खूष झाले. परंतु मुंबई इलाख्यांत १८३७ च्या कायद्यानें मिठावर मणामागें ८ आणे अबकारी बसली, आणि १८४४ त ती १ रुपया करतांच सुरत शहरांत दंगा उसळला. नाक्यावर गोणीमागें द्यावयाचा पैसा गरिबाच्या चिमूटभर मिठांतून निघूं लागला. इतकाच फेरफार झाला. या मिठाच्या करावर नामदार गोखले यांनीं १९०२ च्या अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणांत हल्ला चढविला. कर भयंकर आहे एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. सरकारच्याच आंकड्यांवरून त्यांनीं दाखविलें कीं, तिजोरींत वर्षानुवर्षें शिल्लक पडत आहे, म्हणून हा कर कमी करण्यास पैसा आहे. आणि दर उतरल्यास खप वाढेल. मणामागें अडीच रुपये असलेला हा कर १९०३ त दोन रुपये, १९०५ त दीड व १९०७ त एक रुपया झाला. उठला मात्र तो १ एप्रिल १९४७ रोजीं. आज मीठ, सुटें असो वा पुड्यांतलें, वस्तु व सेवा करापासून मुक्त आहे. पुष्कळ वाचकांच्या हें ध्यानांत नसेल.

इंग्लंडांत धान्याचे कायदे १८४६ मध्यें रद्द झाले, त्याचा इतिहास आमच्या पिढीनें परीक्षेसाठीं पाठ केला आहे. कॉब्डेन व त्याची संस्था, सभा, पत्रकें, हें सर्व आमच्या पुस्तकांत होतें. पीलनें त्याआधीं चार वर्षें, १८४२ मध्यें, दीडशें पौंडांवरील उत्पन्नावर पौंडामागें ७ पेन्सांचा प्राप्तिकर बसवून ठेविला होता, ही गोष्ट त्याच पुस्तकांत एका ओळींत उरकलेली असे. धान्याचे कायदे उठविण्याचें धैर्य त्यास याच ओळीनें दिलें, असें आम्हांस आतां वाटतें.

असो, पुन्हां जालन्याकडे वळूं. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथल्या जकातखात्यास करोडगिरी म्हणत. १८०२ च्या तहानें कंपनीच्या मुलखांतून येणाऱ्या मालावर शेंकडा ५ जकात ठरली होती. सव्वादोनशें वर्षांनीं डाळीच्या पुड्यावर तोच आंकडा यावा, हा निव्वळ योगायोग. पहिले सालारजंग दिवाण असतांना राज्यांतर्गत राहदारीचे नाके मोडण्याचें काम झालें, तथापि राज्याच्या सीमेवरील करोडगिरी राहिलीच. पलीकडे वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं, अलीकडे निजाम. त्यामुळें बुलढाण्याकडून येणाऱ्या गाडीवानास जालना जवळ असून परका मुलूख होता. एकोणिसावें शतक संपतां संपतां मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी जालन्यावरून धांवूं लागली, आणि बैलाच्या पाठीवरचें धान्य डब्यांतून येऊं लागलें. जकातीचा शिपाई वाटेवरून स्टेशनांत येऊन उभा राहिला. १ एप्रिल १९५० रोजीं हैदराबादचें भारताशीं आर्थिक एकीकरण झालें व संस्थानची सीमाजकात टप्प्याटप्प्यानें जावयाची ठरली. त्याच १९५० सालीं हैदराबादचा सामान्य विक्रीकराचा कायदा आला. आगगाडीबरोबर स्टेशनांत आलेला कर आतां दुकानाच्या फळीवर येऊन बसला.

विक्रीकर हा आपल्या देशांत तसा अलीकडचा. १९३५ च्या कायद्यानें प्रांतांस तो बसविण्याचा अधिकार मिळाला, आणि राजगोपालाचारी यांनीं १९३९ मध्यें मद्रास प्रांतांत सर्वसाधारण विक्रीकर प्रथम बसविला. दारूबंदीनें बुडालेलें उत्पन्न त्यांना भरून काढावयाचें होतें. मुंबईनें १९४६ त व मध्यप्रांत-वऱ्हाडानें १९४७ त आपापले कायदे केले. दारू पिणाऱ्याकडून येणारा पैसा सर्वच गिऱ्हाइकांकडून घ्यावयाचा, ही अदलाबदल नीतीच्या दृष्टीनें कशी ठरवावी, हा प्रश्न आम्ही वर्गांत दरवर्षीं घालतों आणि दरवर्षीं मुलें दोन तट करून भांडतात.

या कायद्यांनीं धान्य व भाजीपाला यांस बहुतेक ठिकाणीं सवलत दिली, परंतु सवलतीला कुंपण घातलें. वऱ्हाडच्या कायद्यांत भाजी करमुक्त होती. बंद डब्यांतून विकल्यास मात्र नव्हे. म्हणजे पुडा व सुटें हा भेद जालन्याच्या दुकानदारानें काढिलेला नव्हे, किंवा २०२२ च्या परिषदेनेंही नव्हे. तो पाऊणशें वर्षांचा जुना आहे. त्या काळीं तो शहाणपणाचाही होता. बंद डबा म्हणजे श्रीमंताचा, सुटें म्हणजे गरिबाचें, अशी तेव्हां उघड ओळख होती. याच सवलतीवरून अकोल्याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विड्याचीं पानें प्रथम करमुक्त यादींत स्वतंत्र कलमानें होतीं. तें कलम पुढें काढून टाकलें गेलें. तेव्हां पानांच्या व्यापाऱ्यांनीं म्हटलें, पान ही वनस्पति आहे, सबब ती भाजींत मोडते. १९६१ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, असे शब्द वनस्पतिशास्त्राच्या नव्हे तर बाजारांतल्या व घरांतल्या अर्थानें घ्यावयाचे. विड्याचें पान भाजी नव्हे. आमच्या घरीं हा निकाल सांगितला तेव्हां, एवढें ठरविण्यास दिल्लीस कशाला जावयास हवें होतें, असा प्रश्न आला. त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

घटनाकारांसही या प्रश्नाची जाणीव होती. लोकजीवनास आवश्यक म्हणून संसदेनें ठरविलेल्या वस्तूंच्या विक्रीवर राज्यानें कर बसविल्यास राष्ट्रपतींची संमति लागेल, असें २८६ व्या कलमांत मूळ घटनेनेंच घातलें होतें. आणि १९५२ मध्यें अशा आवश्यक वस्तूंचा कायदाही झाला. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीनें तें बंधन गेलें. त्याच वर्षीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६० त महाराष्ट्रांत. जालना तेव्हां औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९८१ रोजीं झाला.

पुढच्या इतिहासांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती १९७५ सालची गोष्ट. १९७२-७३ च्या दुष्काळांत मराठवाडा होरपळून निघाला. खडी फोडणारे हात, पाझर तलावांवरील रांगा, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, हें ज्यांनीं पाहिलें ते अजून घरोघर आहेत. मागेल त्यास काम देण्याची वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना तेव्हां राज्यभर पसरली. पण तिला पैसा कोठून आणावयाचा? सरकारनें धान्यास हात लावला नाहीं. १९७५ मध्यें व्यवसायकराचा कायदा झाला, आणि पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून ठराविक रक्कम घेऊन ती दुष्काळी मजुराच्या मजुरीस लाविली गेली. खाफीखानाच्या जहागीरदारापासून सुरतेच्या मिठापर्यंतच्या इतिहासांत ज्याचें पोट भरलेलें आहे त्याच्याकडून घेऊन भुकेल्याचें भागविल्याचा इतका सरळ हिशेब आम्हांस दुसरा आढळला नाहीं.

तोच हिशेब धान्याच्या करास लावावयास हवा होता. तो लाविला गेला नाहीं. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रांत मूल्यवर्धित कर आला तेव्हां तांदूळ, गहूं, डाळी व त्यांचीं पिठें यांस सूट मिळाली. पण ती कायमची नव्हे, मुदतीची. दर मार्चांत अर्थमंत्री अंदाजपत्रक वाचीत आणि त्यांत ठरलेलें वाक्य येई, कीं तांदूळ, गहूं, डाळी, त्यांचीं पिठें, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, धणे, मेथी, पापड, ओले खजूर, सोलापुरी चादरी व टॉवेल यांवरील सूट पुढील ३१ मार्चपर्यंत चालू राहील. पापडाच्या शेजारीं चादर पाहून आम्हांस दरवर्षीं गंमत वाटे. परंतु त्या यादीमागें मौजेपलीकडचें एक तत्त्व होतें. कायम रद्द केलेल्या कराबद्दल सरकारचे आभार एकदांच मानावे लागतात. वर्षाच्या मुदतीनें माफ केलेल्या कराबद्दल दरवर्षीं मानावे लागतात. व्यापाऱ्यांचीं शिष्टमंडळें दरवर्षीं मुंबईस जात, मोंढ्यांत दर फाल्गुनांत कुजबुज चाले, आणि डाळ घेणाऱ्या बाईस आपल्या ताटावर असा एक हुकूम टांगलेला आहे याचा पत्ताही नसे. १९९९ मध्यें नगरपालिकांची जकात उठली, तेव्हां जालन्याच्या वेशीवरील नाका गेला आणि त्या उत्पन्नाच्या जागीं राज्याचें अनुदान आलें. गांवचें गटार गांवच्या पैशानें बांधावयाची संवय मोडली ती मोडलीच. जकात वाईट होती यांत संशय नाहीं, पण तिच्या जागीं जें आलें तेंही आम्हांस फारसें चांगलें वाटत नाहीं.

आतां सध्यांचा वाद. कर ठेवावा म्हणणाऱ्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, धान्य पूर्वींही करमुक्त नव्हतें. अर्थमंत्री निर्मला सीतारामन् यांनीं जुलै २०२२ मध्यें दाखवून दिलें कीं, एकटें पंजाब राज्य धान्याच्या खरेदीवरील करांतून दोन हजार कोटींहून अधिक मिळवीत असे. हें खरें आहे. पण जुनी चूक ही नव्या चुकीची सबब होत नाहीं. दुसरें म्हणणें अधिक वजनाचें: गरिबाला शिधापत्रिकेवर धान्य फुकट मिळतें, जानेवारी २०२३ पासून त्याचें नाममात्र मोलही घेत नाहींत, आणि सुटें धान्य करमुक्त आहे, मग पुड्यावरचा कर तो श्रीमंतावरचाच नव्हे काय? येथें या पक्षानें एकदां मोंढ्यांत येऊन उभें राहावें. शिधादुकानांत गहूं व तांदूळ मिळतो. डाळ, तेल, गूळ, तिखट बाजारांतूनच आणावें लागतें, आणि तेलास तर सुट्या-बंदचा भेदही नाहीं. त्यावर ५ टक्के आहेतच. शिवाय डबा म्हणजे श्रीमंती ही ओळख १९४७ सालची आहे. आज भेसळ नको, वजन पुरें हवें, म्हणून मजुराचें घरही पुड्याकडे वळतें. त्यास वळूं न देणारा कर खड्यांची डाळ गरिबाच्या पदरांत घालतो.

तथापि कर रद्द करा म्हणणाऱ्यांशींही आमचें पटत नाहीं, कारण वहींतली रक्कम कोठून वजा घालावयाची हें ते सांगत नाहींत. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यानें किराण्यावरील साडेसहा टक्के विक्रीकर २०२३ पासून पायरीपायरीनें उतरवून १ जानेवारी २०२५ रोजीं शून्यावर आणला, पण तेथील शहरांचे व परगण्यांचे कर त्याच किराण्यावर राहिलेच आहेत. आपल्याकडे पुड्यावरील कराचा निम्मा भाग राज्याचा. तो सोडावयाचा तर तेवढा पैसा दुसरीकडून आलाच पाहिजे; नाहींतर तो शाळा-दवाखान्यांतून कापला जाईल, किंवा तेलावर चढेल.

दुसरीकडून म्हणजे कोठून? येथें आम्हांस आमच्याच वर्गाकडे बोट दाखवावें लागतें. घटनेच्या २७६ व्या कलमानें व्यवसायकरास वार्षिक कमाल मर्यादा आहे. ती २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीनें ती २,५०० झाली, आणि तेथेंच राहिली. महाराष्ट्रांत दरमहा १०,००० रुपयांहून थोडा अधिक पगार घेणारा पहारेकरी दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० रुपये भरतो. दीड लाख पगार घेणारा प्राध्यापकही तेवढेच भरतो. १९८८ पासून आजवर डाळीचा भाव किती पटींनीं चढला हें वाचकांच्या घरीं कोणासही विचारावें. दुष्काळांत ज्या करानें मराठवाड्याच्या मजुरास भाकरी दिली, तो आमच्या वर्गाच्या बाबतींत तीन तपांहून अधिक काळ गोठून राहिला आहे, आणि याविरुद्ध कधीं बंद पुकारला गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पहारेकऱ्यास सोडून, वरच्या पगारांवर ही मर्यादा वाढवावी आणि त्याच ठरावांत डाळ, तांदूळ, पीठ यांच्या पुड्यांवरील कर, मुदतीची माफी न देतां, कायमचा काढावा. पुड्यांवरील कर ठरतो वस्तु व सेवा कर परिषदेंत, आणि व्यवसायकराची मर्यादा ठरते संसदेंत, ही अडचण आम्ही जाणतों. पीललाही एक पार्लमेंट व एक पक्ष होता, आणि १८४६ मध्यें तो पक्ष फुटला. आमच्या या सूचनेनें आमचे सहकारी फुटतील कीं काय, ही भीति आम्हांस आहेच. प्राध्यापकांच्या खोलींत चहाच्या वेळीं हा विषय काढून पाहिला तेव्हां तिघे गप्प बसले व एकानें महागाई भत्त्याची चौकशी केली.

त्या दिवशीं ती बाई गेल्यावर आम्हींही त्याच दुकानांतून एक किलो तुरीची डाळ घेतली. निवडण्याचा कंटाळा, म्हणून पुड्याची. दुकानदारानें छापील बिल दिलें. त्यांत खालीं केंद्राचा अडीच टक्के व राज्याचा अडीच टक्के अशा दोन ओळी होत्या. बिल खिशांत घालून आम्ही स्टेशनाकडे निघालों, तेव्हां समोरच्या ओट्यावर टेकून ती बाई सूप मागून घेऊन डाळ पाखडीत होती.